म्हशीखाली हवेची गादी

आपली टिमकी आपण वाजवू नये म्हणतात. म्हणू देत. आमच्या गल्लीत कुणी नवी गाडी घेतली तर चौकात फलक लागतो, पोरगं बारावी झालं तर फटाक्यांची माळ लागते. मग मी हवा भरायच्या पंपानं म्हैस उठवली, ते सांगायला मलाच का लाज वाटावी? ऐकायचं असंल तर बसा, नसंल तर चहा पिऊन जावा.

आम्ही कोल्हापुरातले म्हशीवाले. जुन्या पेठेत घर, घराच्या मागच्या अंगाला दगडी भिंतीचा गोठा, गोठ्यात तीन म्हशी. संध्याकाळ झाली की म्हशी गल्लीतनं चालवत चौकातल्या दूधकट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि फेसाळ गरम पेला त्याच्या हातात द्यायचा. दुधात पाणी आहे का, असं विचारायची सोयच नाही. समोर म्हैस, समोर पेला, पी आणि मिशी पूस.

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उभी हयात हेच केलं. सासूबाई गेल्यावर शेण, वैरण, पाणी, धार सगळं माझ्या अंगावर आलं. मामंजी कट्ट्यावर बाकड्यावर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालतात, आणि खाली बसून धार मी काढते. तरी अख्खी पेठ म्हणते, ‘म्हाताऱ्याच्या म्हशी’. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाटायचं. चांगलं झोंबायचं.

त्यातली एक म्हैस तर मी हातावर वाढवलेली. नाव सांगत नाही, दृष्ट लागते. तिची आई ती लहान असतानाच गेली. मामंजी म्हणाले होते, जगायची न्हाय ही, कशाला जीव काढतीस. मी तिला बाटलीनं दूध पाजलं, थंडीत तिच्या अंगावर माझी वाकळ टाकली. मोठी झाली तशी अशी काही माजली की विचारू नका. कट्ट्यावर जाताना सगळ्यांच्या पुढं हीच चालणार. दुसरी कुणी चुकून पुढं गेली तर शिंग लावून बाजूला सारणार. गल्लीतली माणसं म्हणायची, मालकिणीवर गेलीया. मी म्हणायची, मग काय तुमच्यावर जाऊ दे?

आता गादीचं सांगते. आमचे हे शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. पन्नाशी जवळ आली आणि यांना डोंगर चढायचं खूळ लागलं. शिफ्टमधले चार-पाच जण मिळून सुट्टीला पन्हाळ्याच्या मागच्या रानात जायचे, तंबू ठोकायचे, मटण शिजवायचे आणि सोमवारी पाठ धरून घरी यायचे. “खडं टोचतात गं रातभर,” म्हणायचे. मी म्हणायची, “घरात पलंग हाय की, त्येला खडं न्हाईत.” शेवटी त्यांनी फोनवरनं हवेची गादी मागवली. सोबत तिच्यात हवा भरायचा पंप. हातात मावेल एवढा, चार्ज करायचा, चार दिवे असलेला.

तो पंप आला त्या दिवशी घरात सण होता जणू. माजघरात गादी अंथरली, पंपाचं तोंड भोकाला लावलं आणि बटण दाबलं. असा किंचाळला तो पंप, की शेजारीण काय झालं म्हणून पळत आली. बघता बघता चादरीसारखी पडलेली गादी गच्च फुगून वर आली. हे तिच्यावर आडवे झाले आणि मला म्हणाले, “बघ, राजा झोपल्यासारखं वाटतंय.” मी म्हटलं, “राजे उठा, म्हशीला पाणी दावा.” मामंजी तर दारातनंच बोलले, “बापानं घोंगड्यावर जल्म काढला, आणि ल्योक फुग्यावर लोळतोय.”

पण खरं सांगते, ती गादी फुगताना बघून मला आत कुठंतरी नवल वाटलं होतं. नुसती हवा, आणि यांचं एवढं अंग अलगद उचललं तिनं. यांचं वजन काय आहे ते मला माहीत आहे. तोंडानं मात्र मी चकार शब्द काढला नाही. कौतुक केलं असतं तर उद्या तंबू आला असता घरात.

थंडीचे दिवस सुरू झाले आणि म्हैस व्याली. दुसरं वेत, रेडी झाली, सगळं सुखरूप. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोठ्यात गेले तर ही आडवी. नुसती बसलेली नव्हे, सपशेल कुशीवर पडलेली, पाय ताठ, मान पोटाकडं वळवलेली. कानाला हात लावला तर कान थंडगार. “अवो, उठा की!” म्हणून मी अशी ओरडले की यांच्याआधी अर्धी गल्ली उठली.

डॉक्टर लगेच आले. भला माणूस, अंगावर स्वेटर उलटा घालून आला होता. व्यायल्यावर अंगातलं कॅल्शियम एकदम उतरतं, त्यानं असं होतं, म्हणाले. बाटली लावली, शिरेतनं हळूहळू औषध सोडलं. थोड्या वेळानं कान गरम झाले, डोळ्यांत जरा जीव आला. डॉक्टर म्हणाले, “वहिनी, औषधाचं काम औषधानं केलंय. पण तिला अशी आडवी ठेवू नका, पोट फुगून जीव जाईल. छातीवर बसती करा. बसली तर उठेल. उठायला मात्र तिनं मनावर घेतलं पाहिजे.”

बसती करा म्हणणं सोपं. पडताना ती पाठ भिंतीला लावून पडली होती. भिंत आणि पाठ यांच्यात जेमतेम वीतभर जागा. मागं माणूस उभा राहीना, समोरनं ओढायला जावं तर फरशीवरनं ती तशीच आडवी सरकायची. गल्लीतले पाच-सहा गडी आले. दोर लावला, वासा लावला, ‘ओढ, ओढ’ म्हणून बोंबलले. दोरानं तिचं कातडं सोललं तेवढंच. ती नुसती डोळे पांढरे करून कण्हायची. रेडी बाजूला दाव्याला ओरडत होती. एकेक जण पँट झाडत बाहेर पडला. “लई वेळ झाला पडून, आता औघड हाय,” म्हणाले.

मामंजी इतका वेळ उंबऱ्यावर बसून होते. ते उठले, खिशातनं फोन काढला आणि कागलच्या एका जनावरांच्या व्यापाऱ्याला लावला. माझ्यासमोर बोलले, “पावणं, म्हस पडलीया. दिवस मावळायच्या आत गाडी घिऊन या.” झालं. पडलेली म्हैस घ्यायला येणारी गाडी कुठं जाते ते मला सांगायला नको.

“मामंजी, दम काढा की जरा!” मी म्हटलं.

“दम काढून काय व्हनार? मी म्हशी बघिटल्यात, तू न्हाईस. मेल्यावर मातीत जायाची, त्येच्यापरास आत्ता जाऊ दे.”

“मी वाढीवलीया तिला.”

“वाढीवलीस. पर आता उठीवशील का?”

असं तोंडावर विचारलं त्यांनी, गल्लीसमोर. दुष्टपणानं नव्हे, म्हातारा तसा नाही. त्यांचाही आवाज फाटला होता. पण मला असा राग आला, असा राग आला, की डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच सुकलं. मी म्हटलं, “उठीवते. बघाच.”

म्हटलं खरं, पण कशी? म्हशीजवळ बसले आणि तिच्या पाठीमागच्या त्या वीतभर फटीकडं बघत राहिले. माणूस जाईना तिथं. पहार घालावी तर हाडं मोडतील. तिथं जाईल चपटं असं काहीतरी, आणि आत गेल्यावर फुगेल असं. आणि डोक्यात लख्ख पडलं.

“अवो! तुमची गादी आना!”

हे म्हणाले, “तुला झोपायचंय व्हय आत्ता?”

“मला न्हाय. हिला!”

मग कळलं त्यांना, आणि माझ्या नवऱ्याची एक गोष्ट मला मान्य करावीच लागेल. एवढ्या हौसेनं घेतलेली गादी, पण त्यांनी हू का चू केलं नाही. पळत गेले आणि गादी-पंप घेऊन आले. आम्ही गादीची दुहेरी घडी घातली, दगडानं फाटू नये म्हणून जुन्या वाकळेत गुंडाळली आणि भिंतीच्या कडेनं फटीत सरकवली. मी जमिनीवर पालथी पडून, खांद्यापर्यंत हात घालून ती तिच्या पाठीखाली जेवढी जाईल तेवढी रेटली. शेणामुतात लोळले म्हणा की. लुगड्याचं सोडा, केसांत शेण होतं.

दारात गर्दी जमली. कुणी म्हणालं, “वैनी, उशी बी द्या की तिला.” मी म्हटलं, “तुजी आनून दे.”

यांनी पंप लावला, बटण दाबलं. पंप किंचाळला, आणि गादी होती ती आणखी चपटी झाली. लोक खो-खो हसले. त्या पंपाला तोंडं दोन. एकातनं हवा जाते, दुसऱ्यानं ती ओढून घेतो. आमच्या ह्यांनी घाईत ओढायचं तोंड लावलेलं. फाउंड्रीत कसली कसली मशिनं चालवतात आणि हातातल्या डबड्यापुढं बुद्धी गमावली! “पलटी करा!” मी ओरडले. “हवा भरायची हाय, काढायची न्हाय! सारी अक्कल त्या डोंगरावर ठिवून आला का काय?”

तोंड बदललं. परत बटण दाबलं. आधी काहीच होईना, नुसता आवाज. मग वाकळेच्या सुरकुत्या ताणल्या. मग गादी भिंतीला टेकली, भिंत काही मागं सरकणार नव्हती, म्हणून ती म्हशीला पुढं रेटायला लागली. हळू. इतकी हळू की मला वाटलं भास होतोय. मी तिची मान धरून बसले होते, ती मान माझ्या हातात वर यायला लागली. ताठ पडलेला पाय हलला, गुडघ्यात दुमडला. आणि सहा गड्यांना न हललेलं ते धूड बसकण मारून छातीवर बसलं. दारातलं हसू बंद झालं. बसल्या बसल्या तिनं असा मोठा ढेकर दिला, की माझ्या अंगावर वास आला आणि मला तो अत्तरासारखा वाटला.

“बसली!” मी ओरडले. “मामंजी, बसली बघा!”

मामंजी आत आले. बघितलं. “बसली खरी,” म्हणाले. “उठू दे.” पण गाडी आणू नका म्हणून व्यापाऱ्याला फोन काही केला नाही.

दुपारभर ती तशीच बसून राहिली. गादी थोडी थोडी दबायची, की हे पंप लावून परत फुगवायचे. दुसऱ्या शिफ्टला गेलेच नाहीत. शेजारच्या घरातनं वायर ओढून पंप चार्ज करत गोठ्यात मांडी घालून बसले. डॉक्टर येऊन दुसरी बाटली देऊन गेले. गादी बघून हसले, म्हणाले, “हे चांगलं सुचलं.” मी फरशीवर माती टाकली, वर गोणपाट अंथरलं, पाय घसरायला नको म्हणून. गूळ दिला, कोवळी वैरण दिली. तिनं खाल्लं. रवंथ केलं. पण उठायचं नाव काढीना. शेपूट पिळून बघितली, ओरडून बघितलं. बाई बघायची आणि मान फिरवायची. अंगात ताकद होती, मनात नव्हती. एकदा पडली त्याची भीती बसली होती तिला.

उन्हं कलली. कट्ट्याची वेळ झाली. मामंजी बाकीच्या दोन म्हशींना घ्यायला आले आणि मागच्या बोळानं न्यायला लागले. मी विचारलं, “तिकडनं का?”

“हिच्या म्होरनं नगं न्यायला. जीव तुटंल तिचा.”

माझ्या मनात एकदम आलं, हेच तर पाहिजे! मी त्यांची वाट अडवली. “म्होरनंच न्या. तिच्या नाकासमोरनं न्या.”

“पोरी, मुक्या जनावराला असं छळू ने.”

“तुटू द्या जीव. माजोरी हाय ती माजी. आपल्या म्होरं कोन गेलेलं तिला आजवर खपलंय का? न्या तुम्ही!” आणि यांना म्हटलं, “पंप लावा. गच्च भरा. उठताना तिला टेकायला पायजे.”

मामंजींनी मान हलवली, पण ऐकलं. दोन्ही म्हशी दाव्याला धरून समोरनं काढल्या. गळ्यातल्या घंटा वाजल्या. आमच्या हिनं कान टवकारले. पहिली म्हैस तिच्या नाकासमोरनं गेली. हिनं मान वर केली. दुसरी, रोज हिच्या मागं गपगुमान चालणारी, तीही पुढं झाली आणि दाराबाहेर पडली. आणि ही हंबरली. अशी हंबरली की कौलं हलली. मागचे पाय रोवले, ढुंगण वर उचललं, पुढच्या गुडघ्यांवर आली आणि मागं कलंडायला लागली. मी डोळे मिटले. पण मागं गादी होती. दगडासारखी गच्च. तिनं त्या गादीवर सगळा भार टाकला, दम घेतला, एक पाय सरळ केला, मग दुसरा केला. आणि उभी राहिली. चारी पायांवर. थरथर कापत होती, पण उभी होती.

आणि मागचा पाय टाकला तो नेमका गादीवर. फाट्! असा आवाज झाला की बाहेरची पोरंसोरं पळाली. यांच्या हातात पंप तसाच किंचाळत राहिला. मी यांच्याकडं बघितलं. म्हटलं, आता चेहरा पडणार. तर माणूस रडत होता. हसत होता आणि रडत होता. “जाऊ दे गं,” म्हणाले, “जाऊ दे गादी.” मी पळत जाऊन म्हशीच्या गळ्यात हात टाकले. गर्व वाटला मला. का वाटू नये? तिचा वाटला, ह्यांचा वाटला आणि सगळ्यांत जास्त माझा मला वाटला. रेडी सोडली तर ती थेट जाऊन आईला लुचायला लागली.

गल्लीत बोंब झाली, “उठली, उठली!” मामंजी चौकापर्यंत पोचले होते. म्हशी कुणाच्या तरी हातात देऊन ते माघारी आले. धापा टाकत. दारात उभे राहिले. जवळ येऊन तिच्या पाठीवरनं हात फिरवला, दोरानं सोललं होतं तिथं बोट न लावता.

तेवढ्यात गल्लीत पिकअप मागं मागं येऊन थांबली. व्यापारी उतरला. दांडगा, हसऱ्या तोंडाचा माणूस. गोठ्यात डोकावला आणि चकित झाला.

“म्हातारबा, पडलीया म्हनलासा की! ही तर उभी हाय.”

“सकाळी पडलीती,” मामंजी म्हणाले.

व्यापारी म्हशीभोवती फिरला, कास बघितली, दात बघितले. चांगल्या जनावराची त्याला पारख होती. “मग असं करा,” म्हणाला, “उभी म्हस बी घेतो मी. पडलेल्या जनावराचा भाव येगळा, हिचा येगळा. तुमी म्हनाल त्यो. सांगा.”

मामंजींनी टोपी काढली, झटकली, परत डोक्यावर ठेवली. “मला नगा इचारू, पावणं. म्हस माजी न्हाय.”

“आं? मग कुनाची?”

“हिची.” त्यांनी माझ्याकडं हात केला. शेणानं माखलेली, केस सुटलेली मी म्हशीला धरून उभी होते. “हिनं वाढीवली, हिनं उठीवली. द्यायची का न्हाय ते ही सांगंल.”

अख्खी गल्ली ऐकत होती. व्यापारी माझ्याकडं वळला, दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, “सांगा मालकीणबाई.”

दिवसभर मी ओरडत होते. नवऱ्यावर, सासऱ्यावर, लोकांवर, म्हशीवर. आणि आता तोंड उघडलं तर घशातनं आवाजच फुटेना. कसाबसा एक शब्द आला. “न्हाय,” मी म्हटलं. तो मी धरलेल्या म्हशीलासुद्धा ऐकू गेला नसंल.

मामंजींना गेला. ते दारात जाऊन उभे राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मालकीण न्हाय म्हनतीया.”